कशावरून?

राजेश्वरनं पेला ओठांना लावला तशी शिवकन्येनं दात आवळून घेतले. पाणी हनुवटीवरून ओघळलं, शाळेच्या निळ्या फ्रॉकवर सांडलं आणि टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाच्या फरशीवर त्याचं एक लहानसं थारोळं झालं. ती त्या थारोळ्याकडे बघत राहिली. अकरा वर्षांची त्याची पोर, ओठ पांढरे पडलेले, जीभ टाळूला चिकटल्यासारखी झालेली, पाण्याची तहान डोळ्यांत मावत नव्हती, आणि दात मात्र आवळलेले. शाळेचा शिपाई बंकट सायकल स्टँडवर लावून दारात उभा होता. "प्रार्थनेला उभी व्हती अन् धाडकन खाली आली बघा," तो म्हणाला. "मास्तर म्हन्ले घरी पोचव. पोरी म्हन्त्यात, कालचा डबा बी हिनं वाटून टाकला." बंकट गेला. समोर टेबलावर कुणाचा तरी ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही पाठ उघडून पडला होता, बाहेर गेवराईच्या हायवेवरून वाळूचे ट्रक एकामागून एक बीडकडं चालले होते. राजेश्वरनं पेला पुन्हा पुढं केला. "कावून गं शिवे? पाणी कावून न्हाई?" तिनं मान फिरवली.  पोरीला चक्कर येणं, उन्हाचं काही बाधणं, हे तो समजू शकत होता. पण त्याच्या घरात प्रश्न विचारला गेला आणि उत्तर आलं नाही, असं अकरा वर्षांत घडलं नव्हतं.

घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. देव नव्हता, देव्हारा नव्हता. देव्हाऱ्यासाठी घरमालकानं ठेवलेल्या कोनाड्यात पृथ्वीचा गोल होता, आणि त्याचा आस मोडल्यावर राजेश्वरनं रेडिओच्या अँटेनाचा तुकडा घालून तो पुन्हा फिरता केला होता. चौसाळ्याच्या किराणा दुकानदाराच्या, गळ्यात लिंग घालणाऱ्या लिंगायत घरातला हा मुलगा वीस वर्षांपूर्वी रेडिओ दुरुस्ती शिकायला बाहेर पडला आणि देवाधर्माच्या बाबतीत परत काही गेला नाही. तो काही सभा घेणारा, पत्रकं वाटणारा माणूस नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की बाजारात 'कावून' सगळेच विचारतात, 'कशावरून' कुणी विचारत नाही. शिवकन्येला त्यानं बोलायला लागल्यापासून तो एक शब्द दिला. आणि 'असंच असतंय' हे उत्तर घरात बंद केलं. दुसऱ्यांच्या घरात चपला घालून स्वयंपाकघरात जाणं जसं बंद असतं तसं. रोज जेवायला बसलं की पहिल्या घासाला त्यानं एक थाप मारायची, हा घरातला नेम. चिमण्या दात घासतात. औरंगाबादेत विहिरी उलट्या असतात. पोरीनं लगेच बोट रोखायचं, "कशावरून?" आणि थाप पकडली की गुळाचा खडा तिचा. त्याची बायको कावेरी म्हणायची, दुसऱ्यांच्या घरी जेवणाआधी श्लोक असतो, आमच्याकडं खोटं असतं. मागच्या वर्षी पितृपक्षात मूर्ती दूध पितात म्हणून गावभर रांगा लागल्या, तेव्हा हीच पोर दुकानाच्या स्टुलावर उभी राहिली होती, हातात चमचा, समोर कावेरीचा पितळी बत्ता. बत्ता पण दूध पितोय बघा, म्हणून तिनं तीस-चाळीस माणसांना दाखवलं. काही हसले, एक म्हातारा चिडून गेला. राजेश्वर मागं उभा होता. आयुष्यात त्याला काही मिळालं असेल तर ते त्या दुपारी मिळालं, असं त्याला वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची आता लाज वाटायला लागली.

डॉक्टर सुंदरराव येऊन गेले. डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी हळूहळू खाली बसली. "संध्याकाळपर्यंत पोटात पाणी गेलं पाहिजे. न्हाई तर सलाईन लावू, त्याला काय," ते म्हणाले. शिवकन्या पलंगावरून बघत होती. "सलाईन म्हणजे पाणीच असतं ना, पप्पा?" सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली. आवाज घासला गेलेला होता. "पाणी, मीठ अन् साखर," राजेश्वर म्हणाला, सवयीनं, खरं सांगायची सवय. "मग नको," ती म्हणाली. "ते पण पिल्यासारखंच हाय." डॉक्टर हसले, पोरगी हुशार हाय म्हणाले, आणि बॅग उचलून गेले. राजेश्वरला हसू आलं नाही. इतका नेमका विचार करणारं हे डोकं त्यानंच घडवलं होतं, आणि ते डोकं आता त्याच्याच विरुद्ध, स्वतःच्याच विरुद्ध, अगदी व्यवस्थित चाललं होतं.

मग कावेरी बोलली. ती इतका वेळ दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यावर उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. "तिला न्हाई पिता येत पाणी," ती म्हणाली. "लिंग भंगलंय तिचं." राजेश्वरला आधी वाक्यच कळलं नाही. घरात लिंग कुठून आलं? कावेरीचं लिंग तिनं लग्नानंतर उतरवून ठेवलं होतं. कुठं ठेवलं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारणं हा त्याला आपला मोठेपणा वाटत आला होता. पण शिवकन्या? कावेरीनं दप्तरातली कंपासपेटी आणली आणि त्याच्या हातात दिली. कर्कटकाच्या शेजारी, हातरुमालात, चांदीची एक लहान डबी होती. तिच्यात काळ्या लेपाचा गोळा, सुपारीएवढा, मधोमध फोडलेला, आणि आतून दिसणारा एक राखाडी खडा. लेपावर सरळ, बारीक ओरखडे होते. ते कशाचे हे त्याला लगेच कळलं. त्याच्या दुकानातल्या टेस्टरच्या टोकाचे. "मे महिन्यात चौसाळ्याला गेलती, तवा सासूबाईंनी बांधलं," कावेरी म्हणाली. "तुला म्हाईत व्हतं?" "येणी घालताना दोरा दिसला." "अन् मला कावून न्हाई सांगितलं?" कावेरीनं त्याच्याकडं बघितलं. "तुमी काय म्हन्ला असता त्याची भीती वाटली तिला. अन् मला बी." एवढंच बोलून ती चुलीकडं गेली. दुसऱ्यांची पोरं देवाला भिऊन गोष्टी लपवतात. आपल्या घरात भिऊन लपवावं असे फक्त आपणच होतो, हे राजेश्वरच्या ध्यानात आलं.

तो पलंगाच्या कडेला बसला. ही गोष्ट त्याची स्वतःची होती, ती कशी फिरून त्याच्याच पलंगावर येऊन पडली? तो बारा वर्षांचा असताना चौसाळ्याच्या दुकानाच्या माळ्यावर बसून त्यानं अडकित्त्यानं स्वतःचं लिंग फोडलं होतं. आत काय आहे बघायला. आत खडा होता. खाली येऊन त्यानं तो आईला, गंगासागरबाईला, दाखवला. लिंग भंगलं की ज्याचं त्यानं पाणी वर्ज्य करायचं, नवं गळ्यात येईपर्यंत. पण पोर बारा वर्षांचं, म्हणून त्याच्या वाटचं आईनं घेतलं. दोन दिवस ती पाण्याचा थेंब न घेता राहिली. गावातले स्वामी सोलापूरकडे गेले होते, ते येईपर्यंत. ही गोष्ट राजेश्वरनं शिवकन्येला कितीतरी वेळा सांगितली होती, जेवताना, गाडीत, झोपण्याआधी. अडकित्त्याची नक्कल करून, आईच्या रागाची नक्कल करून. पोर खदखदून हसायची. "अन् आत काय निघालं, पप्पा?" "खडा!" इथं गोष्ट संपायची. पुढचं तो सांगत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी आई ज्वारीच्या पोत्याला डोकं टेकून पडली होती, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरं साचलं होतं, आणि बारा वर्षांचा राजू माळ्यावरून बघत होता, की ही मरते आता. स्वामी आले, त्यांनी नवं लिंग बांधलं, आई तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली, आणि तो वर तोंडात सदरा कोंबून रडला. ते नवं लिंग त्यानं पुढं सहा वर्षं गळ्यात वागवलं. हेही तो सांगत नसे. गोष्टीत तर त्यानं त्याच दिवशी सगळं सोडलं होतं. म्हणजे पोरीशी कधी खोटं बोललो नाही, या ज्या एका गोष्टीवर तो स्वतःला माणूस समजत होता, ती गोष्टच थाप होती. फक्त ती पकडायची संधी त्यानं पोरीला दिली नव्हती.

"शिवे," तो म्हणाला, "फोडलं कावून?" ती छताकडे बघत होती. "बघायला." "मग काय दिसलं?" "खडा." "मग झालं की. खडाच हाय. खड्यासाठी उपाशी कावून राहायचं?" तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडं गेलं. अंगात एवढं पाणी अजून आहे, या विचारानं त्याला बरं वाटलं, मग वाईट वाटलं. "आज्जी म्हन्ली, हे गळ्यात हाय तवर तुझ्या बापाच्या केसाला धक्का लागत न्हाई," ती म्हणाली. "त्याच्या गळ्यात न्हाई ना, म्हणून तू घाल. म्हणून मी घातलं. अन् मीच फोडलं."

तेव्हा त्याला एप्रिल आठवला. एका कलर टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा झटका बसून तो दुकानात आडवा झाला होता, दोन-तीन मिनिटं शुद्ध नव्हती. डोळे उघडले तेव्हा शिवकन्या त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून बसली होती आणि ओरडतही नव्हती. त्या संध्याकाळी तिनं सगळं विचारलं. सेट बंद होता तरी झटका कसा बसला? त्यानं सांगितलं, सेट बंद केला तरी ट्यूबमध्ये वीज साठून असते. मग तिनं विचारलं, तुमी मेले असते तर कुठं गेले असते?  दुसरा बाप असता तर म्हणाला असता, आभाळात, ताऱ्यांत, देवाकडं. पण तो राजेश्वर होता. "टीव्ही बंद केल्यावर चित्र कुठं जातं?" त्यानं विचारलं. "कुठंच न्हाई," ती म्हणाली. "तसंच." खरं, स्वच्छ, सोपं उत्तर. कावेरीला तो रात्री म्हणालाही होता, बघ, अकरा वर्षांच्या पोरीला मरण समजावलं, एक शब्द खोटा न बोलता. त्यानंतर ती पोर कितीतरी दिवस दुकानात आली की आधी मेन स्विच बंद आहे का बघायची, हे त्यानं पाहिलं होतं. चांगली सवय लागली, असं त्याला वाटलं. तिनं त्याच्या त्या उत्तरासोबत एकटीनं किती रात्री काढल्या हे त्यानं विचारलं नाही. आणि मेमध्ये चौसाळ्याला तिला कुणीतरी दुसरं उत्तर दिलं. त्यात खडा होता, दोरा होता, गळ्यात बांधता येत होतं.

"तू उपाशी राहिल्यानं मला काही होणार न्हाई, हे कशावरून?" त्यानं विचारलं. शेवटचा उपाय म्हणून विचारलं, आणि विचारताना त्याला आशा वाटली. तो शब्द कानावर पडला की पोरीचं डोकं चालू होतं, हे त्याला माहीत होतं. डोकं चाललंच. तिनं मान त्याच्याकडं वळवली. "तुमच्यावरून," ती म्हणाली. "तुमी लिंग फोडलं. आज्जी दोन दिवस उपाशी राहिली. तुमाला काही झालं न्हाई. फोडलेलं तुमी सांगितलंय, पुढचं आज्जीनं." तिनं दम घेतला. "अन् एप्रिलमध्ये कुणीच उपाशी नव्हतं."

 एका दाखल्यावरून नियम होत नाही, हे त्याला सांगता आलं असतं. आई राहिली नसती तरी मी जगलोच असतो. पण हे कशावरून, म्हणून तिनं विचारलं असतं, आणि त्याला दाखवता आलं नसतं. दुपारचे दोन वाजले होते. ओठांना भेगा पडल्या होत्या, एका भेगेत रक्ताचा बारीक ठिपका होता. तो तिला धरून, नाक दाबून, पाणी पाजू शकत होता. हात-पाय बांधून सलाईन लावू शकत होता. आणि मग ही पोर सगळं आयुष्य वाट बघत बसली असती, की आता पप्पा कधी मरतात. प्रत्येक झटक्याला, प्रत्येक तापाला, आपणच पाणी प्यायलं म्हणून. तो उठला, शेजारच्या एसटीडी बूथवर गेला आणि चौसाळ्याच्या दुकानाचा नंबर फिरवला. फोनवर आई आली. तो काय बोलला हे त्याला नंतर नीट आठवेना. आई म्हणाली, "जीप करून येते स्वामींना घेऊन. रडू नगं." आपण रडत होतो हे त्याला तेव्हा कळलं. बूथवाला दुसरीकडं बघत होता.

जीप पाचच्या सुमाराला आली. गंगासागरबाई आत येऊन थेट पलंगाशी बसली, नातीचं डोकं मांडीवर घेतलं.  जिंकल्याचं काही तिच्या तोंडावर नव्हतं, नुसती भ्यालेली म्हातारी होती. "मी भल्यासाठी बांधलं रं," एवढंच पुटपुटली, कुणाला ते कळलं नाही. सिद्धलिंग स्वामी थकलेले, दम्याचे. त्यांनी कोनाड्यातल्या पृथ्वीच्या गोलाकडं बघितलं आणि विभूतीची पिशवी काढली. पोरीला आधार देऊन बसवलं, कपाळाला विभूती लावली, तिच्या डाव्या तळहातावर नवं लिंग ठेवलं, कानात मंत्र सांगितला, आणि गळ्यात दोरा बांधला. राजेश्वर भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याला वाटलं होतं आपल्याला राग येईल. पण त्याला फक्त घाई झाली होती. लवकर आटपा, त्याचा जीव म्हणत होता, लवकर आटपा. माळ्यावरच्या पोराचा जीव म्हणत होता तसाच.

कावेरीनं तांब्या पुढं केला. शिवकन्येनं तो दोन्ही हातांत धरला, ओठांपर्यंत नेला आणि थांबली. तिनं तांब्याच्या काठावरून बापाकडं बघितलं. खोलीतली बाकीची तीन मोठी माणसं तिच्या नजरेत नव्हतीच. "पप्पा," ती म्हणाली, "खरं सांगा. आता तुमाला काही होणार न्हाई ना?"

त्याला वाटलं आई सांगेल, स्वामी सांगतील. पण तिनं त्यांना विचारलं नव्हतं. या सगळ्या माणसांत खरं कोण बोलतं, हे तिला माहीत होतं. "न्हाई होणार," राजेश्वर म्हणाला.

"कशावरून?"

किती बारीक आवाजात विचारलं तिनं. सवयीनं विचारलं की मनापासून, हे त्याला आजही ठरवता येत नाही. कधीकधी त्याला वाटतं, तिला त्याही क्षणी त्यानं थाप पकडू द्यायला हवी होती, खरं बोलायला हवं होतं, आणि तरीही ती प्यायली असती. कधी वाटतं, नसती प्यायली. तांब्या अजून तिच्या ओठांशीच होता.

"असंच असतंय, शिवे," तो म्हणाला.

ती एक क्षण त्याच्याकडं बघत राहिली. डोळ्यांत काही हललं आणि थांबलं. मग तिनं तांब्या तोंडाला लावला आणि पाणी प्यायली, घटाघटा, नाकातोंडातून सांडत. म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. स्वामींनी हात जोडले. कावेरी आत जाऊन मऊ भात टाकायला लागली. राजेश्वर बाहेर दुकानात आला, उघड्या पाठीच्या त्या टीव्हीसमोर बसला आणि त्याला कळेना, आपण नक्की काय वाचवलं.

पोर चार दिवसांत उठली, शाळेत जायला लागली. पहिल्यापेक्षा शहाणी झाली, असं सगळे म्हणू लागले. वर्गात नंबर वर आला. शिकवलेलं पाठ करायची, सांगितलेलं ऐकायची. दुकानात आली की टेबलावरचा उघडा सेट बघायची नाही, वाट काढून आत जायची. गोलावर धूळ बसली. राजेश्वर मात्र रोज जेवायला बसलं की पहिल्या घासाला थाप मारत राहिला. गुळाचा खडा ताटाशेजारी ठेवून. गेवराईला समुद्र येणार हाय, काल बीडला बातमी आली. "हो का," ती म्हणायची. आज दुकानात एक टीव्ही उघडला तर आतून माणूस निघाला, चहा मागत होता. "मग दिला का?" ती म्हणायची, आणि भाकरीचा तुकडा कालवणात बुडवायची. चेष्टेनं नाही, अगदी आदरानं. तो थापा मोठ्या करत गेला. कावेरी एक दिवस म्हणाली, बास करा आता. पण त्याला बास करता येईना. एक तरी, फक्त एक तरी, तिनं पकडावी.

श्रावणातल्या एका संध्याकाळी दिवे लागताना तो जेवायला बसला. तिचा दोरा फ्रॉकच्या गळ्यातून दिसत होता, आता लपवलेला नव्हता. त्यानं घास मोडला आणि त्याच्याकडं होती तेवढी सगळ्यात मोठी थाप काढली. "शिवे," तो म्हणाला, "मी कधीच मरत नसतो."

कावेरीचा हात भाकरीवर थांबला. राजेश्वर पोरीच्या तोंडाकडं बघत होता, बोट कधी वर येतंय म्हणून. शिवकन्येनं वर बघितलं. कितीतरी दिवसांनी ती हसली, आणि ते हसू इतकं मोकळं होतं, इतकं निवांत, की त्याला पुढं बघवेना.

"माहितीय, पप्पा," ती म्हणाली, आणि जेवायला लागली. गुळाचा खडा ताटाशेजारी तसाच राहिला. जेवणं झाल्यावर कावेरीनं तो उचलून डब्यात टाकला.